चिमणीपर्यंत न पोहोचलेली धूळ
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सदस्य सचिवांना खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

मी कोल्हापूर भागात पर्यावरण सल्लागार म्हणून काम करतो. बहुतेक काम फौंड्र्यांचं. कन्सेंटचे, म्हणजे मंडळाच्या संमतीचे, अर्ज, धूळ गाळणाऱ्या बॅग फिल्टरची आणि हवा नेणाऱ्या डक्टची डिझाइनं, चिमणीच्या नमुन्यांची व्यवस्था, आपल्या कार्यालयाची नोटीस आली की तिचं उत्तर, हे सगळं आमच्याकडे येतं. माझी फी कारखानदार देतो. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी, कारण पुढे जे लिहिलं आहे त्याचा या फीशी थेट संबंध आहे.

हवेच्या प्रदूषणाचा कायदा कारखान्यात उतरतो तो बहुतेक वेळा आमच्यासारख्यांच्या हातून. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर वाढलेला फौंड्रीचा धंदा आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीत पसरला आहे. ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांची कास्टिंगं इथून देशभर जातात. पण कारखाने बहुतेक लहान किंवा मध्यम आहेत. मालक सकाळी आला की स्क्रॅपचा भाव बघतो, मोल्डर किती आलेत ते बघतो, विजेचा लोड आणि दुपारची डिस्पॅच बघतो. १९८१चा हवा कायदा, १९८६चे पर्यावरण संरक्षण नियम, केंद्रीय मंडळाची परिपत्रकं आणि कन्सेंटमागे जोडलेल्या इंग्रजी अटींची पानं वाचायला त्याला सवड नसते. तो ती पानं माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो, "साहेब, तुम्ही बघा, सही कुठं करायची तेवढं सांगा." आपल्या बाजूलाही क्षेत्र अधिकारी मोजके आणि कारखाने शेकड्यांनी. त्यामुळे कायदा आणि भट्टी यांच्या मध्ये उभा असलेला सल्लागार कसा आहे, त्याला काय येतं आणि त्याला पैसे कशाचे मिळतात, यावर त्या वसाहतीतली हवा ठरते. आज त्याला पैसे मिळतात कागदाचे. ते धूळ कमी करण्याचे मिळावेत, अशी व्यवस्था मंडळाने करावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

फौंड्रीचं मानक तसं थोडक्यात सांगता येतं. तासाला ३ टनांपेक्षा कमी लोखंड वितळवणाऱ्या क्युपोलाला, म्हणजे कोकवर चालणाऱ्या भट्टीला, धूलिकणांची मर्यादा घनमीटरमागे ४५० मिलिग्रॅम. ३ टन आणि त्याहून मोठ्या क्युपोलाला १५०. आर्क आणि इंडक्शन फर्नेसलाही १५०. क्युपोलावरची चिमणी त्याच्या व्यासाच्या किमान सहा पट उंच हवी. जनरेटरच्या चिमणीचंही सूत्र आहे: केव्हीएचं वर्गमूळ गुणिले ०.२, म्हणजे ४०० केव्हीएच्या जनरेटरची चिमणी इमारतीच्या वर ४ मीटर. ही गणितं कोणालाही जमतात, आणि कन्सेंटच्या अर्जात ती बहुधा बरोबरच भरलेली असतात.

अवघड प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठी अर्जात रकाना नाही. उठलेली धूळ चिमणीपर्यंत पोहोचते का?

फौंड्रीत धूळ एका जागी उठत नाही. गंजलेलं, तेलकट, रंग लागलेलं स्क्रॅप इंडक्शन फर्नेसमध्ये पडलं की तपकिरी धुराचा लोट येतो. साच्यात रस ओतला की वाळूतली कोळशाची पूड जळते. शेकआउटवर साचा फोडला की गरम वाळू, वाफ आणि बेंटोनाइटची बारीक भुकटी एकदम वर येते. सँड प्लांटमध्ये बेल्ट जिथे जिथे माल टाकतो तिथे तिथे ती उडते. आणि शेवटी फेटलिंगमध्ये, कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू ग्राइंडरखाली फुटते तेव्हा जी उडते, ती सगळ्यांत वाईट, कारण तिच्यात फुप्फुसात उतरणारी सिलिका असते. यांतल्या प्रत्येक ठिकाणी धूळ ओढून घेणारा हूड, हूडपासून डक्ट, डक्टपासून बॅग फिल्टर, ब्लोअर आणि चिमणी, अशी साखळी लागते. मानक आहे ते साखळीच्या शेवटच्या कडीला.

आता शोषणाचा एक नियम आहे, जो कुठलाही मालक किंवा पुरवठादार बदलू शकत नाही. फुंकर लांब जाते, ओढ लांब जात नाही. उघड्या डक्टच्या तोंडापासून त्याच्या एका व्यासाइतकं लांब गेलं की हवेचा वेग तोंडावरच्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणजे अर्धा मीटर व्यासाचा डक्ट भट्टीपासून अर्ध्या मीटरवर असला तरी नव्वद टक्के जोर गेलेला असतो. प्रत्यक्षात तो दीड-दोन मीटरवर असतो, कारण खाली असला की क्रेनच्या बकेटला आडवा येतो. कधी पुरवठादारानेच तो वर लावलेला असतो, कधी चार्जिंगला अडचण होते म्हणून कामगार गॅस कटरने त्याची कड कापतात. धूर हूडकडे न जाता छताकडे जातो आणि रिजमधून, खिडक्यांतून, दारातून बाहेर पडतो. ब्लोअर मात्र शेडमधली बरी हवा ओढत राहतो. ती पिशव्यांतून गाळली जाऊन चिमणीतून निघते आणि प्रयोगशाळेचा माणूस तिचा नमुना घेतो. आकडा १५०च्या पुष्कळ खाली येतो. प्रयोगशाळेने काही लबाडी केलेली नसते, वजन बरोबर असतं, सही बरोबर असते. अहवाल खरा असतो आणि कारखाना प्रदूषण करत असतो. मंडळाच्या दफ्तरी तो अहवाल नियमपालनाचा पुरावा म्हणून लागतो.

एक काम जरा तपशिलात सांगतो, म्हणजे सल्लागार नेमकं काय करू शकतो ते कळेल. एका फौंड्रीत शेकआउटला नवा बॅग फिल्टर बसवला होता. मालकाने त्यावर चांगला पैसा खर्च केला होता. तरी शेजारच्या गावातून धुळीची तक्रार गेली आणि नोटीस आली. मालकाचं म्हणणं, पुरवठादाराने फसवलं, दुसरा मोठा बॅग फिल्टर घेऊ. मी आधी उदबत्ती मागितली. उदबत्तीचा धूर हूडच्या तोंडाशी धरला की ओढ आहे की नाही ते लगेच दिसतं, आणि मालकालाही दिसतं. ॲनेमोमीटर आम्ही वापरतोच, पण त्यावरचा आकडा मालकाला माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करावा लागतो. उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. फोरमनला सगळे मामा म्हणतात. ते म्हणाले, "साहेब, ब्लोअर तर चालू हाय, आवाज ऐका की." ब्लोअर चालूच होता.

मग शिडी लावून डक्टवर हातोडीने ठोकत गेलो. ब्लोअरच्या बाजूला पत्रा खणखणीत वाजत होता. शेकआउटकडच्या आडव्या भागात बेंडच्या पुढे आवाज बसला. फ्लँज उघडला तर डक्ट निम्म्याहून जास्त वाळूने भरलेला. कारण साधं होतं. ज्याने डिझाइन केलं त्याने डक्ट ऐसपैस ठेवला होता. डक्ट मोठा केला की आतला वेग कमी होतो. फौंड्रीची धूळ आडव्या डक्टमधून वाहून न्यायला सेकंदाला १८ ते २० मीटर वेग लागतो. तो नसेल तर वाळू खाली बसते, वाट अरुंद होते, ओढ कमी होते. पुढे बॅग फिल्टर उघडला. शेकआउटची वाफ सकाळी थंड पत्र्याला लागून पाणी होत होती आणि पिशव्यांवर बेंटोनाइटचा चिखल थापला गेला होता. पिशव्यांच्या आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक दाखवणारा गेज होता, त्याची नळीच जोडलेली नव्हती. तो फरक साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या आसपास राहायला हवा. फार वर गेला तर पिशव्या चोंदल्या, एकदम खाली आला तर फाटल्या. गेजची नळी जोडलेली असती तर हा चिखल कधीच कळला असता.

दुसरा बॅग फिल्टर लागला नाही. डक्टचा व्यास कमी केला, बेंडपाशी सफाईची दारं ठेवली, शेकआउटला तीन बाजूंनी पत्रा आणि चौथ्या बाजूला रबरी पट्ट्यांचा पडदा केला. धूळ कोंडून ठेवली की ओढायला लागणारी हवा कमी होते, म्हणून जुनाच ब्लोअर पुरला. शिफ्ट सुरू होण्याआधी ब्लोअर चालवून फिल्टर कोरडा करायचा आणि दर तासाला गेज वहीत लिहायचा, एवढं मामांच्या माणसांना शिकवलं. मालकाने नव्या यंत्राला दिले असते त्याच्या लहानशा हिश्श्यात काम झालं. यातलं सगळं ज्ञान पाठ्यपुस्तकात आहे. फक्त कुणीतरी शेडमध्ये उभं राहून ते वापरायला हवं, आणि त्यासाठी त्याला कुणीतरी पैसे द्यायला हवेत.

हे मी एकट्याच्या अनुभवावरून म्हणत नाही. १९९०च्या दशकात हावडा परिसरातल्या क्युपोला फौंड्र्यांसाठी टेरी या संस्थेने स्विस सरकारच्या मदतीने विभाजित हवेचा क्युपोला आणि व्हेंच्युरी स्क्रबर यांचं प्रात्यक्षिक उभं केलं. क्युपोलाला हवा एकाऐवजी दोन ओळींतून दिली की कोक पुरता जळतो. धूळ मर्यादेच्या पुष्कळ खाली आली आणि कोकही वाचला. फौंड्रीवाल्याला कोकची बचत दाखवली की तो स्वतःहून पुढे येतो, ही गोष्ट चांगल्या सल्लागाराला ठाऊक असते. नोटीस मालकाला घाबरवते. वीज आणि कोकच्या बिलाचा हिशेब त्याला कामाला लावतो.

मग असं काम सर्रास का होत नाही? कारण बाजार ते मागत नाही. फौंड्रीच्या मालकासमोर दोन कोटेशन येतात. एकात लिहिलेलं असतं: हूड बदलावे लागतील, शेकआउट झाकावा लागेल, काम दोन टप्प्यांत. दुसऱ्यात असतं वर्षाचं पॅकेज: कन्सेंट नूतनीकरण, नमुन्यांचे अहवाल, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक पर्यावरण विवरणाचा फॉर्म पाच, नोटीस आल्यास उत्तर. दोन्हींच्या शेवटी मालकाच्या हातात एकच कन्सेंट पडतो. मग त्याने पहिलं कोटेशन का निवडावं? धूळ खरोखर कमी करणारा सल्लागार या स्पर्धेत हरतो, आणि दर वर्षी थोडा थोडा हरत हरत शेवटी तोही पॅकेज विकायला लागतो. चांगले अभियंते या धंद्यातून बाहेर पडताना मी पाहिले आहेत.

सल्लागार कोण, यालाही काही चाळणी नाही. मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरण आघात मूल्यमापन अहवाल करायचा तर संस्थेला क्यूसीआय-नाबेटची मान्यता लागते, त्या त्या विषयाचा तज्ज्ञ लागतो. लहान कारखान्याच्या कन्सेंटचं काम करायला किंवा त्याच्या बॅग फिल्टरचं डिझाइन करायला असं काहीही लागत नाही. वर सांगितलेल्या, वाळूने भरलेल्या डक्टची चुकीची डिझाइन शीट ज्याने काढली त्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. जनविश्वास कायद्याने हवा कायद्यात केलेल्या दुरुस्तीनंतर, एप्रिल २०२४ पासून, उल्लंघनाला तुरुंगवासाऐवजी १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे. तो मालकाला. त्याला चुकीचं डिझाइन किंवा चुकीचा दिलासा देणारा माणूस त्या दंडाच्या कक्षेत कुठेच येत नाही.

नमुन्याबद्दल थोडं लिहिणं भाग आहे. चिमणीतली धूळ नीट मोजणं हे कष्टाचं काम आहे. प्लॅटफॉर्मवर चढून आधी पिटॉट ट्यूबने वायूचा वेग मोजायचा, मग नोझलमधून अगदी त्याच वेगाने वायू ओढायचा. जास्त वेगाने ओढला तर आजूबाजूचा वायू जास्त येतो, पण जड कण आपल्या सरळ वाटेने निघून जातात आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. पोर्टहोल बेंडपासून चिमणीच्या व्यासाच्या आठ पट वर आणि तोंडापासून दोन पट खाली हवं, नाहीतर प्रवाह गोल फिरत असतो आणि मोजणी बिघडते. पुष्कळ शेडवर चिमणी एवढी आखूड असते की असं पोर्टहोल बसतच नाही. त्यात भट्टी कोणत्या टप्प्यावर आहे हे महत्त्वाचं. चार्जिंग चालू असताना घेतलेला नमुना आणि रस नुसता तापवून ठेवलेला असताना घेतलेला नमुना यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अहवालात या टप्प्याची नोंद क्वचितच सापडते. आणि नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या प्रयोगशाळेकडून घ्यायचा, हे ठरवतो मालक आणि त्याचा सल्लागार. म्हणजे ज्याने यंत्रणा बसवली, ज्याने अर्ज भरला आणि ज्याने तपासणीचा माणूस बोलावला, तो पुष्कळदा एकच. परीक्षेला बसणाऱ्याने परीक्षक निवडावा आणि त्याचे पैसेही द्यावेत, अशी ही पद्धत आहे.

तिचा परिणाम काय होतो हे शेजारच्या राज्यात मोजून झालेलं आहे. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून कारखान्यांचं पर्यावरण लेखापरीक्षण होतं, आणि लेखापरीक्षक कारखानाच नेमायचा. एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरातच्या मंडळासोबत अहमदाबाद आणि सुरतेच्या ४७३ कारखान्यांवर प्रयोग केला. जुन्या पद्धतीत लेखापरीक्षकांनी धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने म्हणून ७ टक्के दाखवले. स्वतंत्र फेरमोजणीत ते ५९ टक्के निघाले. कितीतरी अहवालांतले आकडे मर्यादेच्या जरा खाली नीट येऊन बसलेले होते. मग काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली. लेखापरीक्षक चिठ्ठी टाकून ठरवायचा, त्याची फी सामायिक निधीतून आणि ठरलेली, आणि काही मोजण्यांची गुपचूप फेरतपासणी. खोटं पालन दाखवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. लेखापरीक्षक खरं सांगू लागले तसं कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०१५ मध्ये गुजरातच्या मंडळाने चिठ्ठी टाकून नेमणूक करण्याची पद्धत स्वीकारली. माणसं तीच होती. कोणी कोणाला नेमायचं आणि पैसे कुठून यायचे, एवढंच बदललं होतं. त्याच संशोधकांनी गुजरातमध्येच नुसत्या तपासण्यांची संख्या वाढवून पाहिली होती, त्याचा प्रदूषणावर फारसा फरक पडला नव्हता. म्हणून मी मंडळाकडे जास्त तपासण्या मागत नाही.

आता केंद्रानेही तोच रस्ता मोकळा केला आहे. २९ ऑगस्ट २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांत प्रमाणित आणि नोंदणीकृत लेखापरीक्षकांची व्यवस्था आहे, आणि त्यांची नेमणूक यादृच्छिक पद्धतीने करण्याची सोय आहे. आपल्या मंडळाला या दिशेची सवयही आहे. जून २०१७ मध्ये चिमण्यांच्या धूलिकणांच्या आकड्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याचा उपक्रम महाराष्ट्राने सुरू केला होता, आणि तो लोकांसमोर ठेवला होता. मंडळाने स्वतःचे आकडे उघडे केले, हे मोठं पाऊल होतं. त्या आकड्यांमागचा माणूस कोण आणि तो कोणाच्या पैशावर आहे, तिथवर आता जावं.

म्हणून माझी पहिली मागणी हीच आहे की चिमणीचा नमुना कोण घेणार हे मंडळाने चिठ्ठीने ठरवावं, आणि त्याचे पैसे मंडळाकडे जमा होऊन तिथून जावेत. कारखान्याचा खर्च त्याने वाढत नाही. तो आजही प्रयोगशाळेला पैसे देतोच. ज्या सल्लागाराने त्या कारखान्याचं डिझाइन किंवा अर्ज केला आहे त्याला त्याच कारखान्याचं लेखापरीक्षण देऊ नये. हे माझ्यावर बंधन आहे आणि मला ते हवं आहे, कारण माझं काम चांगलं आहे की वाईट हे त्याशिवाय कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा.

दुसरी मागणी मला पहिलीइतकीच जवळची आहे, कारण पहिली एकटी अमलात आली तरी हूडच्या वर निघून जाणारी धूळ कुणी मोजणार नाही. कन्सेंटच्या अटींत चिमणीच्या आकड्याबरोबर धूळ पकडण्याची अट घाला. प्रत्येक हूडच्या तोंडावरचा वेग, धुळीच्या जागेपासून त्याचं अंतर, डक्टमधला वेग, बॅग फिल्टरच्या दाबाची रोजची नोंद, ब्लोअरच्या मोटरचे अँपिअर. मोटर किती करंट ओढते यावरून ब्लोअर हवा ओढतो आहे की नुसता आवाज करतो आहे, हे पुष्कळसं कळतं. या नोंदींना महाग यंत्रं लागत नाहीत. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रं बसवायला सांगितली. लहान फौंड्रीला ती परवडणार नाहीत आणि तिचं दुखणंही तिथे नाही. एक गेज, एक वही आणि क्षेत्र अधिकाऱ्याने आल्यावर ती वही उघडून गेजशी ताडून पाहणं, एवढ्याने खूप काही उघड होईल. वहीत महिनाभर एकच आकडा असेल तर तोही बोलतोच.

डिझाइनच्या प्रत्येक शीटवर ते करणाऱ्याचं नाव, शिक्षण आणि सही असावी आणि ती कन्सेंटच्या फाइलला जोडलेली असावी. सल्लागारांची साधी नोंदणी असावी. त्यासाठी परीक्षांचं जंजाळ नको; कोणत्या कारखान्यात कोणी काय बसवलं आणि त्यानंतर चिठ्ठीने आलेल्या नमुन्यात काय निघालं, एवढी यादी मंडळाच्या संकेतस्थळावर असली की मालक स्वतःच निवड करायला शिकतील.

कामगारांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. हूडमधून निसटलेली धूळ गावात जाण्याआधी शेडमधल्या माणसांच्या छातीतून जाते. फेटलिंगवाला आठ-आठ तास ग्राइंडरसमोर वाकलेला असतो, बहुधा तोंडाला गमछा बांधून. गमछ्याने मोठी धूळ अडते. सिलिकोसिस करणारी धूळ डोळ्यांना दिसतच नाही आणि गमछ्यातून सहज आत जाते. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. शेडमधली हवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने पाहायची आणि चिमणीतली आपल्या मंडळाने, अशी वाटणी आहे. धुळीला ही वाटणी माहीत नाही. ज्या हूडने शेकआउटवरची धूळ पकडली, त्याने कामगारालाही वाचवलं आणि शेजारच्या गावालाही. म्हणून धूळ पकडण्याची अट मंडळाच्या कन्सेंटमध्ये यावी आणि तिची प्रत संचालनालयाला जावी, असा माझा आग्रह आहे. दोन्ही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच दिवशी एकाच शेडमध्ये उभं राहावं. हे मी आजवर घडलेलं पाहिलेलं नाही.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये कोल्हापूर आणि सांगली दोन्ही आहेत. त्या कार्यक्रमात रस्ते झाडणं, पाणी फवारणं, चौकात मोजणी यंत्र बसवणं, यावर पैसा खर्च होताना दिसतो. त्यातलं काही आवश्यक असेल. पण वसाहतीतल्या लहान कारखान्यांना सामायिक अभियंता मिळाला, जो महिन्याभरात पंधरा-वीस शेड फिरेल, हूड आणि डक्ट तपासेल, वेल्डर सोबत घेऊन दुरुस्ती करून देईल, तर त्या पैशातून मिळणारं फळ कितीतरी जास्त असेल. एकट्या फौंड्रीला असा माणूस परवडत नाही. कारखानदारांच्या संघटना त्याची जबाबदारी घेऊ शकतात, निम्मा खर्च त्यांनी आणि निम्मा कार्यक्रमाने उचलावा. त्या अभियंत्याचा पगार अहवालांच्या संख्येवर नसावा. त्याने दुरुस्त केलेल्या यंत्रणांची वर्षभराने स्वतंत्र माणसाने मोजणी करावी आणि त्यावर पुढचा करार ठरावा.

कारखानदार या सगळ्याला विरोध करतील अशी भीती आपल्याला वाटत असेल. काही करतील. पण ज्यांनी खरोखर पैसा खर्च करून शेडमधली हवा सुधारली, त्यांच्यावर आज अन्याय होतो आहे, कारण शेजारचा काहीही न करता तोच कन्सेंट घेऊन त्यांच्यापेक्षा स्वस्त कास्टिंग विकतो. ही मंडळी माझ्याशी बोलतात, आणि त्यांची मागणी माझ्यापेक्षा कडक आहे. त्यांना बैठकीला बोलवा.

सुरुवात सगळ्या राज्यात एकदम होणार नाही हे मला समजतं. शिरोलीपासून करा. तिथल्या फौंड्र्यांच्या नूतनीकरणाच्या एका फेरीसाठी नमुना घेणारा चिठ्ठीने नेमा, हूड आणि डक्टच्या नोंदी मागा आणि निकाल प्रसिद्ध करा. मी डिझाइन केलेल्या यंत्रणांच्या शीट, डक्टच्या वेगांसह आणि मोटरच्या रेटिंगसह, मालकांची परवानगी घेऊन मंडळाकडे द्यायला मी तयार आहे. पहिली चिठ्ठी त्यांच्यातूनच काढावी, आणि तपासणीचा दिवस मला किंवा मालकाला आधी कळवू नये.

आपला विश्वासू,
एक पर्यावरण सल्लागार
कोल्हापूर